खोली भाड्याची, पाणी कुणाचे?

हॉटेलच्या बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीजवळ एक छोटे कार्ड अडकवलेले असते. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, चादर रोज बदलून मागू नका, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि कोपऱ्यात एक हिरवे पान. पूर्वी हे कार्ड मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांतच दिसे. आता ते पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव-शिरूरपर्यंत आणि सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, कुरकुंभपर्यंत येऊन पोचले आहे. या दोन्ही तालुक्यांतल्या काही हॉटेल-लॉजचे हिशेब मी लिहितो. धोब्याचे बिल, टँकरचे बिल, बाटलीबंद पाण्याचे बिल, विजेचे बिल, सगळे माझ्याकडे येते. त्यामुळे पर्यावरणाबद्दल पाहुण्यांना काय वाटते, हे मला त्यांच्या तोंडून कमी आणि बिलांतून जास्त कळते. कार्ड लागले म्हणून धोब्याचे बिल उतरले, असे यातल्या एकाही हॉटेलात मला दिसलेले नाही.

मालकांचा निष्कर्ष ठरलेला आहे. "चाचा, आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला ह्याचं काही पडलेलं नाही. पैसे मोजलेत म्हणतो आणि सगळे नळ उघडे सोडतो." हे वाक्य मी शिरूरलाही ऐकले आणि दौंडलाही. त्यातला दुसरा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. पहिला भाग मला पटत नाही.

हा पाहुणा आहे तरी कोण? रांजणगाव एमआयडीसीत मशीन बसवायला आलेला इंजिनिअर. रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन न्हावरे-चौफुला रस्त्याने दौंडकडे आणि तिथून भीमा ओलांडून सिद्धटेकला निघालेले अष्टविनायकाचे कुटुंब. पहाटेची गाडी पकडायची म्हणून दौंड जंक्शनजवळ रात्र काढणारा एकटा माणूस. राखीव पोलिस दलाच्या भरतीला आलेली, चौघांत एक खोली घेणारी पोरे. लग्नाचे वऱ्हाड. हुरड्याच्या दिवसांत मोराची चिंचोलीला मोर बघायला आलेले पुणेकर. यातल्या बहुतेकांच्या घरी टॉवेल दोन-चार दिवस सहज चालतो. जुन्या चादरीचे पायपुसणे होते, दुधाच्या पिशव्या धुऊन भंगारवाल्याला जातात, उन्हाळ्यात माठ भरलेला असतो. कार्डावर जे लिहिले आहे ते हे लोक जन्मभर करत आले आहेत, आणि तेही पर्यावरण हा शब्द न उच्चारता. मग खोलीची किल्ली हातात पडली की त्यांचे काय बिघडते?

पहिले कारण अगदी साधे आहे, पण मालकांना ते ऐकायला आवडत नाही. आपल्याकडच्या लॉजमध्ये शिरलेला माणूस आधी पलंगावरची चादर उचलून बघतो. उशीच्या अभ्र्याचा वास घेतो. ही चादर माझ्यासाठी धुतली आहे का, की कालच्या पाहुण्याचीच झटकून पुन्हा घातली आहे, हा त्याचा प्रश्न असतो. ज्याला पहिल्या दिवशीच्या चादरीची खात्री नाही, त्याला दुसऱ्या दिवशी चादर बदलू नका असे सांगणे म्हणजे त्याच्या संशयावर शिक्कामोर्तब करणे. तो कार्ड वाचतो आणि मनात म्हणतो, बघा, आता न धुण्याचेही कारण छापून आणले. कित्येक जण घरून चादर घेऊन येतात. माझी बायको तर प्रवासाच्या पिशवीत सगळ्यात आधी चादर ठेवते, मग कपडे. तिला पर्यावरण समजावून सांगण्याआधी कुणीतरी धुतलेली चादर तिच्यासमोर अंथरायला हवी.

दुसरे म्हणजे त्या कार्डाचा इतिहासही फार सोज्वळ नाही. हिरव्या रंगाचा मुलामा देऊन स्वतःचा फायदा पर्यावरणाच्या नावावर खपवणे, याला जगभर 'ग्रीनवॉशिंग' म्हणतात. हा शब्द १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने लिहिलेल्या एका निबंधातून रूढ झाला, आणि त्या निबंधाचा विषय हॉटेलातले टॉवेलाचे कार्ड हाच होता. इकडे समुद्र वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा म्हणायचे आणि तिकडे किनाऱ्यावर बांधकाम वाढवत न्यायचे, हे त्याला खटकले होते. आपल्याकडच्या पाहुण्याने तो निबंध वाचलेला नाही, पण त्याला वास बरोबर येतो. खोलीत हिरव्या पानाचे कार्ड, आणि मागच्या गल्लीत हॉटेलचाच कचरा पेटवलेला. गॅलरीत उभे राहिले की दोन्ही एकदम दिसते.

पाहुणे मुळातच बेफिकीर असतात, हेही खरे नाही. नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविचियस या तिघांनी अमेरिकेतल्या एका हॉटेलात कार्डांचे वेगवेगळे मजकूर लावून बघितले. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण वाचवा' एवढेच लिहिले तेव्हा साधारण ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'इथे राहणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असे लिहिले तेव्हा हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले. आणि दुसऱ्या एका फेरीत 'याच खोलीत राहून गेलेले बहुतेक पाहुणे' असे लिहिले तेव्हा ते निम्म्याजवळ पोचले. माणसाला उपदेशापेक्षा सोबत लागते, एवढाच याचा अर्थ. पण गंमत पुढे आहे. काही वर्षांनी जर्मनीत तोच प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा सोबतीच्या मजकुराचा असा वेगळा प्रभाव दिसला नाही. तिथे साध्या कार्डावरही बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतच होते. म्हणजे एका देशात चाललेले कार्ड दुसऱ्या देशात तसेच चालत नाही. मग अमेरिकेतल्या कार्डाचा इंग्रजी मजकूर उचलून घोडनदीच्या काठावर टांगला, तर त्याने काय चालावे? तो मजकूर निदान मराठीत तरी हवा. भरतीला आलेल्या पोरांपैकी कुणी ते कार्ड वाचत असेल असे मला वाटत नाही.

बचतीचे पैसे जातात कुठे, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या एका मोठ्या हॉटेल-साखळीने खोलीची रोजची सफाई नाकारणाऱ्या पाहुण्याला कूपन किंवा पॉइंट देण्याची योजना काढली होती. पाहुणे खूश, कंपनी खूश. बोंब मारली ती सफाई करणाऱ्या बायांनी. त्यांचे कामाचे तास कमी झाले, आणि तीन दिवस न झाडलेली खोली चौथ्या दिवशी तेवढ्याच वेळात साफ करायची म्हणजे कंबर मोडायची. २०१८ मध्ये मॅरियटच्या कर्मचाऱ्यांनी तिथल्या अनेक शहरांत संप केला, तेव्हा या 'हिरव्या' योजनेविरुद्धची तक्रारही त्यात होती. आपल्याकडे हे काम आसपासच्या गावांतून येणाऱ्या बाया करतात, बहुतेक रोजंदारीवर. खोल्या कमी झाल्या तर उद्या येऊ नको, एवढेच त्यांना सांगितले जाते. पर्यावरणाच्या हिशेबात त्यांचा रकाना कुणी आखलेला नाही. मी हिशेब लिहितो म्हणून मला तो रकाना रिकामा दिसतो.

चादरीपेक्षा मोठा विषय पाण्याच्या बाटलीचा. एखाद्या हॉटेलात स्टीलच्या जगात भरून ठेवलेले पाणी पाहुणा हात न लावता परत पाठवतो आणि वेटरला म्हणतो, "बिस्लेरी आण." कुठल्याही कंपनीची बाटली असली तरी आपण तिला बिस्लेरीच म्हणतो. सील मोडल्याचा कट्‌ असा आवाज आला की त्याचा जीव भांड्यात पडतो. याला मी दोष कसा देऊ? रांजणगावच्या बाजूला कारखाने, कुरकुंभला रसायनांचे कारखाने, खाली भीमेत पुण्याचे सांडपाणी, आणि उन्हाळ्यात टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे मालकालाही ठाऊक नसते. अशा मुलखात सीलबंद बाटली मागणारा पाहुणा चैन करत नसतो, त्याला भीती वाटत असते. लहान मूल सोबत असेल तर मीही बाटलीच मागेन.

पण या भीतीवर उपाय आहे. माझ्या हिशेबातल्या एका हॉटेलाने शुद्धीकरणाचे यंत्र स्वयंपाकघराच्या मागे ठेवण्याऐवजी काउंटरच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असे बसवले. वर एक काळी पाटी, त्यावर फिल्टर कधी बदलला त्याची तारीख खडूने. जो येईल त्याने आपली बाटली भरून घ्यावी, पैसे नाहीत. आधी ट्रकवाले भरू लागले, कारण त्यांच्याकडे मोठे कॅन असतात आणि त्यांना रस्त्यात पाणी लागते. ट्रकवाले भरतात हे बघून जेवायला थांबलेली कुटुंबे भरू लागली. त्या हॉटेलाच्या बाटल्यांच्या खरेदीत फरक पडलेला मला दिसतो. मालकाला आधी धास्ती होती की बाटलीवरची कमाई जाईल. ती थोडी गेलीच. पण पाण्यासाठी थांबलेला ट्रक चहासाठीही थांबतो, हे त्याच्या लवकर लक्षात आले.

बाटली संपल्यावर तिचे काय होते, तेही बघायला हवे. भंगारवाला जाड बाटली नेतो. ग्लास, चमचे, पातळ पिशव्या तो नेत नाही. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत, आणि काही गुऱ्हाळांच्या चुलाणात चिपाडाबरोबर प्लास्टिकचा कचरा जाळला जातो अशा तक्रारी त्या भागात वारंवार होतात. म्हणजे सकाळी महामार्गावर फेकलेली वस्तू संध्याकाळी गुळाच्या काहिलीखाली. तोच गूळ 'सेंद्रिय' म्हणून पुण्याचा पर्यटक परतीच्या वाटेवर विकत घेतो.

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि त्या वर्षीच्या २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या खेपेला पाच हजारांचा दंड. ते पहिले काही महिने मला चांगले आठवतात. रस्सा पार्सल न्यायला लोक घरून डबे घेऊन येत होते. कुणी कुरकुर केली नाही असे नाही, पण आले डबा घेऊनच. नियम सगळ्यांना सारखा होता, शेजारचे हॉटेलही पिशवी देत नव्हते, म्हणून कुणाला अपमान वाटला नाही. पुढे तपासणी थंडावली, काळ्या पातळ पिशव्या परत आल्या आणि डबे घरीच राहू लागले. गिऱ्हाईक बदलत नाही म्हणणाऱ्यांनी ते महिने आठवावेत. गिऱ्हाईक बदलले होते, ढिलाई दुसरीकडून आली.

पुण्यात २०१८-१९ च्या टंचाईच्या काळात हॉटेलमालकांच्या संघटनेने ग्राहकाला अर्धाच ग्लास पाणी द्यायचे आणि लागले तर पुन्हा भरायचे, असे ठरवले होते. टेबलावर उरलेले उष्टे पाणी ओतून देण्यातच किती पाणी जाते हे वेटरइतके कुणाला माहीत नसते. अर्ध्या ग्लासावर भांडण करणारा गिऱ्हाईक विरळा. कारण पाणी नाकारलेले नव्हते, नुसते ओतायचे थांबवले होते.

खोलीतल्या गिझरच्या जागी सौर बंब बसवला की आणखी एक भानगड सुरू होते. बंब गच्चीवर, खोली तळमजल्यावर. नळ उघडला की आधी नळीतले गार पाणी येते, आणि गरम येईपर्यंत पाहुणा ते तसेच सोडून देतो. एका खोलीत पंधरा लिटर धरा. वीस खोल्या असतील तर दिवसाला तीनशे लिटर, म्हणजे महिन्याला नऊ हजार लिटर, जवळजवळ एक टँकर. वीज वाचली आणि पाणी गटारात गेले. हा दोष पाहुण्याचा नाही. नळीला वेष्टण घातले, बंब खोल्यांच्या जवळ आणला, निदान नळाखाली एक बादली ठेवून 'पहिले गार पाणी यात धरा' असे मराठीत लिहिले, तर लोक धरतात. घरी तेच करतात की. एसीचे म्हणाल तर १ जानेवारी २०२० पासून नवे यंत्र सुरू करताच २४ अंशांवर यावे असा केंद्र सरकारचा नियम आहे. अनेक जण मग ते २४ वरच राहू देतात आणि शांत झोपतात. जे १८ वर नेतात ते बरेचदा पांघरूण घेऊन झोपतात. दाराजवळच्या खाचेत किल्लीचे कार्ड घातल्याशिवाय वीज चालू होत नाही, त्या खाचेत जुने व्हिजिटिंग कार्ड खुपसून बाहेर जेवायला जाणारे साहेब तर सगळीकडेच भेटतात. त्यांच्याबद्दल मला काही सांगायचे नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण या दोन तालुक्यांत बाकी सगळे पाण्यापाशीच येऊन थांबते. दौंडच्या शेतीला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळते, आणि त्याच धरणातून पुणे शहर पाणी पिते. शहराची तहान वाढली की कालव्याचे आवर्तन लांबते, आणि दर उन्हाळ्यात यावरून बैठका आणि मोर्चे होतात. शहराने वापरलेले पाणी मुळा-मुठेतून खाली येते आणि रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. शिरूरची घोडही पुढे दौंडच्या परिसरात भीमेतच उतरते. मग उजनी, मग पंढरपूर. म्हणजे चिंचोलीला दोन दिवस राहायला आलेला पुणेकर शॉवर सोडून ठेवतो तेव्हा तो 'गावाकडचे मुबलक पाणी' वापरत नसतो. शिरूरच्या पश्चिमेकडच्या गावांत उन्हाळ्यात टँकर चालतात, त्या गावांच्या वाट्याचे ते पाणी असते. त्याला हे कुणी सांगत नाही. हॉटेलवाला सांगत नाही, कारण सुट्टीवर आलेल्या माणसाला दुष्काळ दाखवू नये असा धंद्याचा समज आहे. मला उलटे वाटते. कृषी पर्यटनाला आलेल्याला विहिरीचा तळ दाखवा. तो त्याचसाठी आलेला आहे.

"पैसे मोजलेत ना," हे वाक्य मात्र मला छळते. आपण पैसे कशाचे मोजतो? छपराचे, पलंगाचे, झाडलोटीचे. पाण्याची किंमत त्या भाड्यात कुणी लावलेली नसते, आणि लावली तरी ती पुरी पडणार नाही. आम्हा मुसलमानांना तर हा युक्तिवाद करताच येऊ नये. वजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणे, करताना पाणी उधळणाऱ्या सहकाऱ्याला पैगंबरांनी (स.) टोकल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. वजूतही उधळपट्टी असते का, असे त्या सहकाऱ्याने विचारले, तेव्हा वाहत्या नदीकाठी बसला असशील तरी असते, असे उत्तर त्याला मिळाले. यात पाण्याच्या टंचाईचा मुद्दाच नाही. नदी भरलेली आहे, पाणी फुकट आहे, कुणाचे काही जात नाही, तरीही नाही. ते स्वतः एक मुद्द पाण्यात वजू करत, असे हदीसच्या ग्रंथांत येते. मुद्द म्हणजे दोन्ही ओंजळी भरून पाणी, साधारण पाऊण लिटरच्या आत. आंघोळीला चार-पाच मुद्द. आजच्या शॉवरमधून एवढे पाणी अर्ध्या मिनिटात निघून जाते.

आणि आम्ही काय करतो? मशिदीच्या हौदावर बसून, हॉटेलच्या वॉशबेसिनवर उभे राहून, नळ पूर्ण उघडून डोक्यावरून हात फिरवत असतो, बोलत असतो, पाणी चाललेले असते. इज्तेमाला आलेल्या मेहमानांनी एखाद्या लॉजच्या गच्चीवरची टाकी फजरलाच रिकामी केल्याचे मी पाहिले आहे. मालक हिंदू होता, सज्जन होता, काही बोलला नाही. त्याने टँकर मागवला. बिल माझ्याकडे आले.

दावतीचे तर विचारूच नका. निकाहच्या हॉलमध्ये प्रत्येक ताटाजवळ छोटी सीलबंद बाटली ठेवणे ही आता इज्जतीची गोष्ट झाली आहे. दोन घोट पिऊन बाकीची तशीच सोडलेली, अशा शेकडो बाटल्या दस्तरखान उचलताना गोळा होतात. रमजानमध्ये इफ्तारला थर्माकोलच्या वाट्यांची जागा आता कागदी वाट्यांनी घेतली, एवढीच सुधारणा. आपल्याच घरातल्या बुजुर्गांना विचारा. त्यांच्या लग्नांत एका मोठ्या थाळीत चार-पाच जण बसून खात, आणि पाणी तांब्याच्या सुराहीतून एकजण फिरून वाढत असे. कचरा म्हणून हाडे उरत, तीही कुत्र्यांना जात. आज कुणी अशी थाळी लावली तर वधूपक्ष कंजूस ठरतो. हॉटेलचा पाहुणा कार्डाला कंजुषी समजतो त्यात आणि यात मला काही फरक दिसत नाही. मालकाने केली की कंजुषी, पाहुण्याने केली की संस्कार, असा हा घोळ आहे. त्यामुळे सुरुवात पाहुण्याकडून आणि यजमानाकडून एकाच वेळी व्हावी लागते.

मुसाफिराची सोय आणि निसर्गाची काटकसर एकत्र नांदू शकतात, हे दाखवायला परदेशात जायला नको. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ती उभी राहिली. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणले, उंचावरून सोडले, त्या जोरावर जाते फिरवले, आणि तिथे उतरणाऱ्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले. तेच पाणी पुढे हौदात. तिथे थांबलेल्या मुसाफिराला कुणी कार्ड वाचायला लावले नसणार. त्याला भाकरी मिळत होती. सोय अशी बांधलेली होती की नासाडी करायची म्हटली तरी वाव कमी.

आपल्या काळात विठ्ठल कामतांनी मुंबईच्या विमानतळाजवळ १९९७ मध्ये 'ऑर्किड' उभे केले आणि पर्यावरणपूरक हॉटेल म्हणून इकोटेल प्रमाणपत्र मिळवले. 'इडली, ऑर्किड आणि मी' हे त्यांचे पुस्तक मराठी घरांत भरपूर वाचले गेले, पण त्यातून बहुतेकांनी धंद्यातली जिद्द तेवढी घेतली. पंचतारांकित हॉटेलात पर्यावरण हीसुद्धा पाहुण्याला विकता येणारी वस्तू असते. तो तिच्यासाठी जास्त पैसे मोजतो आणि घरी जाऊन सांगतोही. दौंड स्टेशनजवळच्या लॉजमध्ये हजार-बाराशेची खोली घेणाऱ्याला तसले समाधान विकता येत नाही. त्याच्याशी वेगळा सौदा करावा लागतो, आणि तो सरळ हवा.

माझ्या मते तो सौदा असा. पहिल्या दिवशी चादर पाहुण्याच्या डोळ्यांदेखत घाला. धोब्याकडून आलेल्या घडीवर धुतल्याची तारीख असू द्या. मग म्हणा, दोन रात्री राहणार असाल आणि उद्या चादर बदलायची नसेल, तर सकाळचे दोन चहा आमच्याकडून. सफाईवाल्या बाईचा रोज कापायचा नाही. हे आकडे मी एका मालकासमोर मांडले. चादर धुण्याचा खर्च, चहाचा खर्च, टँकरची बचत, सगळे कागदावर. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारले, "चाचा, चहा द्यायलाच हवा का? नुसतं पर्यावरण लिहून नाही भागणार?" मी म्हटले, एका मजल्यावर चहा देऊन बघ, एका मजल्यावर नुसते कार्ड ठेव, आणि मार्चअखेर धोब्याची दोन बिले वेगळी करून माझ्याकडे पाठव. अजून पाठवलेली नाहीत. वरच्या मजल्यावर चहा सुरू झाल्याचे मात्र तिथल्या वेटरकडून कळले आहे.